सारवणाचा तास

पालीजवळून,
१९ जानेवारी १९८६

ती. हरिश्चंद्र भाऊजींना धाकट्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार (वाकता येत नाही, तरी गोड मानून घ्यावा). तुमचा दमा आणि आनंदीताईची तपकीर, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे माझी कंबर सोडून सर्व खुशाल.

कंबरेचं कारण सांगतो. आमच्या दोनशिक्षकी शाळेत जूनपासून सुरय्याबाई आल्या आहेत, हे तुम्ही जाणताच. नेमणुकीचा कागद शिक्षण खात्यातल्या तुमच्याच टेबलावरून आला. त्यांच्याविरुद्ध कोणीतरी निनावी अर्ज केला आहे आणि बदली होणार, अशी कुणकुण लागली. म्हणून ही बाई काय चीज आहे ते कळवणं मला भाग आहे.

या बाई सांगत कमी, विचारत जास्त. परवा त्यांनी चौथीच्या मुलांना फळ्यावर लिहायला लावलं, की शाळेतलं काम कोण करतं आणि त्यापायी त्याचा कुठला तास बुडतो. मी मनात म्हटलं, फळा कोराच राहणार. आता आपल्याकडे शनिवारी शेवटच्या तासाला मुली शेणाने वर्ग सारवतात, आणि जमीन ओली म्हणून मी मुलग्यांना बाहेर आंब्याखाली गणित शिकवतो. भागाकार तर सगळा मी आंब्याखालीच शिकवला (सावलीत डोकं बरं चालतं, माझं). फळ्यावर सात मुलींच्या नावापुढे 'गणित' आलं. त्याच सातजणींच्या प्रगतिपुस्तकात माझ्या हाताने लिहिलंय, 'गणितात कच्ची'. भाऊजी, तीस वर्षं मास्तरकी केली, पण एवढी लाज कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात धाकूची राही उभी राहिली. चार वर्षांत 'हजर' याच्यापलीकडे ही पोर बोललेली मी ऐकली नव्हती. "गुर्जी, सारवान पोरींनीच का करायचा? पोरगं काय जमनीवर चालत न्हाईत?"

मी आशेने बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मलाही तेच विचारायचं होतं, गुरुजी."

मग काल शनिवारी मी तावातावाने धोतर खोचून शेणाच्या घमेल्याशी बसलो. सारवायला सुरुवात आतून करायची असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं (मी विचारलंही नव्हतं). दारापासून सारवत, मागे सरकत सरकत पलीकडच्या भिंतीला टेकलो, आणि जमीन सुकेपर्यंत दीड तास तिथेच उकिडवा. बाहेर बाई मुलामुलींना एकत्र बसवून भागाकार शिकवत होत्या. मी खिडकीतून गणितं घालत होतो. तिसरं गणित राहीने माझ्याआधी सोडवलं, मग आत डोकावून म्हणाली, "गुर्जी सारवनात कच्चं." सगळी शाळा हसली. मीही हसलो.

आता सारवण सगळे पाळीपाळीने करणार, आणि राहिलेला भागाकार मी सातजणींना पहिल्यापासून शिकवणार आहे. अशी शिक्षिका आमच्या शाळेला मिळाली हे आमचं भाग्य, एवढंच लिहितो.

आपला,
गंगाराम

ता. क. आनंदीताईसाठी कोकमाची सोलं एस.टी.च्या कंडक्टरजवळ दिली आहेत.

आणखी ता. क. त्या निनावी अर्जाचं अक्षर तुम्हाला ओळखीचं वाटलं असेल. दिवाळीनंतर मीच लिहिला. पोरं मला सोडून बाईंभोवती जमायची, ते मला बघवलं नाही. अर्ज साहेबांपुढे जाऊ देऊ नका. गेलाच असेल तर मला बोलवा, मी येऊन त्यांच्यासमोर खाली सही करतो आणि खोटं लिहिलं म्हणून सांगतो. फक्त त्यात एक वाक्य खरं आहे: 'या बाई आल्यापासून मुली गुरुजींना उलट प्रश्न विचारू लागल्या आहेत.' तेवढं खोडू नका. चांगल्या शेऱ्यांत घाला.