रबरी राक्षस आणि तीन रविवार

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

मर्सीची पुकार झाली! भर उपासनेत! पाळकसाहेब म्हणाले, "दौंडचे सॅमसन आणि आपल्या मंडळीतील मर्सी यांच्या विवाहाची ही पहिली पुकार. कोणाला हरकत असल्यास सांगावी." असं तीन रविवार विचारतात. मग लग्न.

मी बसूनच. मम्मीनं कोपर मारलं— "गीत सुरू झालंय, ऊठ की."

सोमवार, ३

मर्सी दौंडला ड्यूटीला जाताना माझ्या कामावर, मोबाइलच्या दुकानात आली. लग्नाबद्दल चकार शब्द नाही. पेनड्राइव्ह दिला. "नवीन दोन सिनेमे भरलेत. जपानचेच."

मी म्हणालो, "अरे वा!"

कसलं अरे वा! दोन वर्षं हेच थोतांड. तेव्हा ती पहिल्यांदा स्क्रीनगार्ड लावायला आली होती, तिच्या मोबाइलवर इमारतींवर पाय देणारा एक अजस्र प्राणी होता. मी म्हणालो, "मी पण बघतो हे!" एकही बघितला नव्हता. कॉलेजात सरांच्या तोंडावर खरं बोललो तर सेकंड इयरलाच घरी. इथं खोटं बोललो तर दोन वर्षं तिच्याबरोबर चहा.

बुधवार, ५

दुपारी दुकानात त्यातला एक बघितला. छे! रबराचा झगा घातलेला माणूस! पाठीवरची शिवण दिसते. पुठ्ठ्याचं शहर, खेळण्यातली रेल्वे, शेपूट दोरीनं ओढतात. मांडवगणच्या जत्रेत यापेक्षा बरा राक्षस असतो.

आणि ती माणसं! ते धूड समुद्रातून वर यायला अर्धा तास घेतं, आणि हे शहाणे पुलावर उभे, तोंड वर करून! पळा ना गाढवांनो!

दुकानाचे मालक हौसरावमामा ओरडले, "जेम्स, ही पाल काय लावलीय? गिऱ्हाईक उभं हाय."

"मामा, जपानी सिनेमा आहे."

"मंग जपानी गिऱ्हाईक येईल तवा लाव!"

रविवार, ९

दुसरी पुकार. सॅमसन आला होता. रेल्वेची नोकरी, क्वार्टर, कडक इस्त्री. सगळ्यांशी हात मिळवला. माझ्याशीसुद्धा. त्याचा हात ओला होता— बरं वाटलं.

मंगळवार, ११

आज फुटलो. चहा पिताना म्हणालो, "भिकार आहेत तुझे सिनेमे! सगळं खोटं! रबर नुसतं!"

ती हसायला लागली. "आणि तुला ते आवडत नाहीत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"चहा बंद झाला असता."

मी उरलेला चहा एका घोटात संपवला. मग तीच म्हणाली, "रबराचाच आहे रे तो. आत माणूस असतो, घामानं निथळत. त्याला धड दिसतही नाही पाऊल कुठं पडतंय. म्हणून तर आवडतो."

"आणि ते पुलावरचे खुळे? पळत का नाहीत?"

"एवढं मोठं काहीतरी अंगावर यायला लागलं की पाय हलत नाहीत. माझंच बघ ना."

ग्लास ठेवला आणि गाडी पकडायला पळाली. माझंच बघ ना— म्हणजे काय? कुणी असं अर्धवट बोलून जातं?

शुक्रवार, १४

दुसरा बघितला. तितकाच भंगार. शेवटी सैन्य त्या राक्षसाला मारतं, तो समुद्रात बुडतो. आणि मारणारेच टोप्या काढून उभे राहतात! कुणी टाळी वाजवत नाही. काय मूर्खपणा! मी तेवढं मागं घेऊन तीनदा बघितलं.

मामा म्हणाले, "मेली का पाल?"

"मेली."

"मंग तोंड का पाडलंय? तुझी कोण लागत होती?"

शनिवार, १५

उद्या तिसरी. मी उभा राहणार! ठरलं!

पण पाळकसाहेब कारण विचारणार. काय सांगू? दोन वर्षं चहा प्यालो? तिनं मला कधी काही म्हटलेलं नाही. मी एकदाही विचारलेलं नाही. आणि मी उठलो तर तुडवलं जाईल ते तिचं घर. तिच्या पप्पांची मान. माझं काय, मी आधीच कॉलेजातून घरी पाठवलेला.

नाही उठणार.

रविवार, १६

"कोणाला हरकत असल्यास..."

मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. बायकांच्या बाजूला बाक करकरलं. मर्सी उभी!

पाळकसाहेबांना समजेना. "मर्सी, अगं, ही तुझीच पुकार आहे."

"म्हणूनच," ती म्हणाली.