स्टाफरूममधली माफी

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले आहे. जळगावला आमच्या प्रयोगशाळेत गेल्या महिन्यात जे झालं त्याचा राग साहेबांवर निघायला हवा होता. पण घरी येऊन भाकरी थापताना लक्षात आलं की मनातल्या मनात मी भांडतेय ती तुमच्याशी.

तुमच्यावर रागावणं सोपं नाही, तेही सांगते. पाचोऱ्याहून धुळ्यात देवपूरला मामाकडे शिकायला आले तेव्हा डीएनए हा माझ्यासाठी पेपरात लिहायचा शब्द होता. कॉलेजातली रसायनं संपली म्हणून तुम्ही आम्हा मुलींना घरी बोलावलंत. काकूंच्या ओट्यावर पिकलेलं केळं कुस्करलंत, त्यात मीठ आणि भांड्यांचा साबण घातलात, चहाच्या गाळणीने गाळलंत आणि वरून गार स्पिरिट सोडलंत. "ती गाळणी आता चहाला चालायची नाही हं," काकू म्हणतायत. आणि ग्लासात पांढरे तंतू वर येतायत. तुम्ही ते काडीवर गुंडाळून माझ्यासमोर धरता, आणि वर्गात कधी न ऐकलेली तुमची साक्रीकडची बोली बाहेर येते, "देख वं पोरी, बठ्ठं याम्हाच शे." सगळं यातच आहे. पुढे काय करायचं ते माझं त्या ओट्याशी ठरलं. ते मी विसरलेले नाही.

पण त्याच वर्षी स्टाफरूममध्ये जे झालं तेही विसरलेले नाही. विभागप्रमुखाची जागा तुमची होती. ती संस्थेतल्या कुणाच्या तरी भाच्याला मिळाली, तुमच्याहून कितीतरी धाकट्या माणसाला. तुम्ही लिहिलेलं प्रात्यक्षिकांचं पुस्तक त्याच्या नावाने छापून आलं. त्याच्या सत्काराचा हार तुम्हीच आणलात. सत्कार चालू असताना मी जर्नल्स द्यायला आत आले, टेबलावर ते नवंकोरं पुस्तक पाहिलं आणि बोलून गेले, "सर, हे तर तुम्ही लिहिलंय." तुम्ही खुर्चीतून उठलात.

"माफी माग."

"कशाची, सर?"

"सरांची माफी माग म्हणतो ना!"

मागितली. सगळ्यांसमोर, ज्याने तुमचं घेतलं त्याची. तो हसला आणि म्हणाला, "जाऊ द्या हो, लहान आहे." मागून तुम्ही व्हरांड्यात आलात. मला वाटलं, आता काहीतरी सांगाल. तुम्ही एवढंच म्हणालात, "उगी ऱ्हाय, पोरी. माणसाने बोलायचं नसतं. काम बोलतं."

ते मी खरं मानलं, सर. पहिल्या नोकरीत माझं काम दुसऱ्याच्या नावाने गेलं तेव्हा गप्प बसले, दुसऱ्या नोकरीतही. म्हटलं, काम बोलेल.

आता आम्ही केळीसाठी आरएनए बनवतो. रावेर-यावलकडे केळीवर हरण्या हा विषाणूरोग येतो, पानं पिवळी चट्टेरी पडतात, बागाच्या बागा उपटाव्या लागतात. त्या विषाणूचा एक तुकडा डीएनएच्या रिंगणात बसवायचा आणि त्यावरून आरएनए उतरवून घ्यायचा. तो रोपांवर फवारला तर रोप विषाणूला तोंड देईल अशी आशा. पण रिंगण नेमकं एका जागी कापावं लागतं, नाहीतर आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमला थांबायचं कुठे ते कळत नाही, ते गोल गोल फिरत राहतं. तुम्ही शिकवलेली कापणारी एन्झाइम्स डीएनएतली ठरावीक अक्षरं दिसली की कापतात, आणि आमच्या तुकड्यात ती अक्षरं मध्येही होती. तुकड्याचेच तुकडे व्हायचे. मी म्हटलं, जनुकं बदलायला वापरतात ते कॅस-नाइन घेऊ. त्याला आपण पत्ता देऊ तिथेच ते कापतं. साहेब म्हणाले, "ही सगळी फॅशन आहे, मॅडम." तरी मी केलं. रिंगण सुरेख कापलं गेलं, पण आरएनए अर्धवटच यायचा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. साहेबांनी बंद करायला सांगितलं. मी वाचत बसले, विचार करत बसले, आणि कळलं की कॅस-नाइन कापल्यावर सुटतच नाही, कापलेलं टोक धरून बसतं, आणि आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमची वाट अडते. कॅस-नाइन हे प्रथिनच, मग प्रथिनं पचवणारं दुसरं एन्झाइम घालून ते काढून टाकलं, डीएनए स्वच्छ धुतला, आणि आरएनए आला. पूर्ण लांबीचा, तपासणीच्या जेलवर एकच स्वच्छ पट्टा.

पुण्याहून पैसे लावणारे पाहुणे आले. साहेब पडद्यासमोर उभे, पडद्यावर माझ्या जेलचा फोटो. "मला पहिल्यापासूनच शंका होती की एन्झाइम सुटत नसणार," साहेब सांगतायत. मी बसून आहे. काम भिंतीवर एवढं मोठं दिसतंय, आणि सर, ते बोलत नाही. एक शब्द बोलत नाही. मग एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "पण ते पचवणारं एन्झाइम नंतर आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमलाच खाऊन टाकत नाही का? ते कसं काढलंत?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, सांगा ना."

मी उभी राहिले. म्हटलं, "ज्याने शोधलं त्यानेच सांगावं. हे मी शोधलंय, म्हणून सांगते." आणि सगळं सांगितलं, साहेबांनी काम बंद करायला लावलं होतं तेसुद्धा.

पेटंटच्या अर्जात माझं नाव आलं, सगळ्यांत शेवटी. साहेब केबिनमध्ये म्हणाले, "घरातलं घरात बोलायचं असतं." तेव्हापासून माझ्याकडे खरेदी आहे. हातमोजे, टिप्स, बाटल्या. ज्या रोपांवर माझा आरएनए फवारतात ती मी जाळीबाहेरून बघते. साहेबांचं काय, असे साहेब असतातच. पण हे उभं राहणं मला कॉलेजात येत होतं, सर! तुम्ही ते मोडलंत, आणि पुन्हा शिकायला माझे केस पांढरे व्हावे लागले.

आणखी एक. तुम्ही गेल्यावर मी देवपूरला आले होते. काकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे बघ, 'स्टाफरूममध्ये माझ्या बाजूने एकच पोर बोलली होती.'" काकूंना वाटलं मला बरं वाटेल. माझ्या कानशिलात आग झाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलंत, मला नाही? जळगाव धुळ्यापासून किती लांब आहे? मी इतकी वर्षं स्वतःला उद्धट समजत राहिले, आणि तुम्ही तिकडे माझं कौतुक करत होतात. घाबरलो होतो एवढं जरी म्हणाला असतात, तरी चाललं असतं.

हे पत्र काकूंच्या पत्त्यावर गेलं तर त्या चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतील. म्हणून पाठवत नाही. आज त्यांचा फोन आला होता. कॉलेज तुमच्या नावाने प्रयोगशाळा करतंय, उद्घाटनाला मी दोन शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा आहे. मी म्हटलं, "काकू, रजा मिळत नाहीये." खोटं बोलले. मी रजा मागितली तर साहेब आनंदाने देतील.