उभा गोलदारी

गुरुवार, ३ मे. पहाटे
जाग आली ती आवाजाने. बाहेरच्या नव्हे, साठ वर्षांपूर्वीच्या. कवितेचा तास, मास्तरांची लाकडी पट्टी टेबलावर टक्, टक्, आणि आम्ही सगळी पोरं एका सुरात: लगागा लगागा लगागा लगागा. काय ते दिवस! वृत्त चुकलं की पट्टी टेबल सोडून हातावर यायची. आमची पिढी संयमी निघाली ती उगीच नाही.

संयमाची गरज आहेच. उद्या लेक, जावई आणि नात येणार. शनिवार-रविवार निवांत गेला तर नातीला सुट्टीभर इथे ठेवीन, असं लेकीने कबूल केलंय.

मागच्या खेपेला व्याही आले होते, तेव्हा निवडणुकीवर थोडी चर्चा झाली होती. ही म्हणते, चर्चेला खालच्या मजल्यावरची माणसं धावत वर येत नाहीत. व्याही त्या पक्षाचे वॉर्डप्रमुख. तेव्हापासून या घराची पायरी चढलेले नाहीत. माणूस वाईट नाही, पक्ष वाईट.

हिने बजावलंय, राजकारणाचा एक शब्द काढलात तर लेकीबरोबर मीही निघून जाईन. मी शब्द दिला. राग आला की मनात लगागा म्हणायचं आणि फक्त फुटबॉलवर बोलायचं. जावई आमच्याच लाल क्लबचा. स्थळ आलं तेव्हा मी पगार नव्हता विचारला, क्लब विचारला होता.

शुक्रवार, ४ मे
नातीची खोली तयार. पलंगावर चिमण्यांची चादर. पाठांतराच्या कविता निवडून ठेवल्या.

गॅलरीत क्लबचा लाल झेंडा लावला. ही म्हणाली, तो आता पक्षाचा दिसतो. हिला खेळातलं काही कळत नाही. आमचा जुना गोलकीपर, ज्याने फायनलला पेनल्टी अडवली आणि मी रेडिओ छातीशी धरून रडलो, तो यंदा व्याह्यांच्या पक्षाविरुद्ध निवडणुकीला उभा आहे. प्रचाराला रंग क्लबचाच घेतलाय. त्यात माझा काय दोष? झेंडा माझ्याकडे आधीपासून आहे.

संध्याकाळी मंडळी आली. जावयाच्या अंगात लाल जर्सी नाही! म्हणाला, बाबा, हल्ली ती घालून दूध आणायला गेलं तरी लोक विचारतात, कितीला विकला गेलास. तरुणांना नसते संशय. लगागा.

शनिवार, ५ मे
मॅच. मध्यंतरात गोलकीपरची जाहिरात लागली. मी टाळ्या वाजवल्या. जावई म्हणाला, बाबा, तो मत मागतोय. मी म्हटलं, मी त्या हातांना टाळ्या देतोय, मत गुप्त असतं. जावई उठून गॅलरीत गेला, झेंडा पाहिला, परत आत आला.

लगागा जरा मोठ्याने निघालं असावं. लेकीने स्वयंपाकघरात हिला विचारलं म्हणे, बाबांना डॉक्टरकडे कधी नेलं होतं?

हरलो. शेवटचा गोल बसला तेव्हा जावयाने हसू दाबलं. मी पाहिलं. याला मी मुलगी दिली!

मन शांत करायला दुपारी कविता केली.

उभा गोलदारी, तसा राज्यदारी
महागाइची लाथ झेलील भारी

वृत्तात चपखल. ‘ई’ ऱ्हस्व केली, पण कवीला तेवढी मुभा असते. याला राजकारण म्हणणारा माणूस अरसिक.

रविवार, ६ मे. सकाळी
नातीला दोनदा म्हणून दाखवलं, तिसऱ्यांदा तिने खणखणीत म्हटलं. रक्त बोलतं! महागाई म्हणजे काय, असं विचारत होती. म्हटलं, तुझ्या दुसऱ्या आजोबांना विचार. (विनोद. संयमातला.)

आता पाव आणायला दोघं निघतोय. वीकेंड उत्तम चाललाय.

रविवार. दुपारी
कोपऱ्यावर गोलकीपरच्या प्रचाराची गाडी उभी होती. पोरांनी आमचा झेंडा पाहिलेला. या काका, म्हणून माईक पुढे केला. मी नकार दिला. शब्द म्हणजे शब्द.

नातीने नकार दिला नाही.

दोन कर्णे होते. जावई दाढी करत होता, तो अर्ध्या गालावर फेस घेऊन खाली आला. आम्ही जिना चढून वर पोचायच्या आत कुणीतरी काढलेला व्हिडिओ व्याह्यांकडे पोचला. फोन जावयाच्या कानाला होता, तरी व्याही मला सोफ्यावर ऐकू येत होते.

लेकीने बॅगा भरल्या. हिनेसुद्धा. मी म्हटलं, अगं, मी तोंडातून शब्द काढला का? ही म्हणाली, नाही ना, आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडातून काढलात.

नात रडत गेली. तिला राहायचं होतं. आजोबा, मी चुकले का, म्हणाली.

लगागा म्हणून पाहिलं. ते रागावर चालतं. यावर नाही.

सोमवार, ७ मे
चहा एका कपाचा करायला गेलो, दोन कपांचा झाला. झेंडा काढला. धुवायला.

संध्याकाळी बेल वाजली. नक्की हीच, मन द्रवलं असणार. केस विंचरून दार उघडलं.

व्याही! हातात बॅग, बगलेत उशी.

ज्याची नात समोरच्यांच्या माईकवर गाते तो वॉर्डप्रमुख कसला, म्हणून पक्षाने त्यांचं पद काढून घेतलं. त्यावर ते घरी दिवसभर ओरडले. शेवटी त्यांची ही, आमची ही आणि लेक, तिघींनी मिळून ठरवलं की दोन घरांत दोन म्हातारे भांडत बसण्यापेक्षा दोघांना एकत्र ठेवावं. सुट्टीभर. चिमण्यांची चादर घातलेली आहे, हेसुद्धा त्यांना सांगून पाठवलं होतं.

मी दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभा राहिलो.

व्याही माझ्या डावीकडे झुकल्यासारखं करून उजव्या हाताखालून आत गेले.

गोल.