पाठीचा पत्ता

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक आहे (म्हणजे दुकान ठीक आहे. घरात मी एकटाच आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे, कारण तुमची बहीण नऊ दिवसांपासून तुमच्याकडे आहे).

तिनं काय सांगितलं माहीत नाही, म्हणून घडलं तसं लिहितो. माझ्या पाठीला खाज सुटली होती. ती खाजवायची आणि मी ‘जरा वर, जरा डावीकडे, गेलीस पुढे’ म्हणत राहायचो. शेवटी वैतागून तिनं पेनानं माझ्या पाठीवर बारा चौकोन आखले, आकडे घातले आणि म्हणाली, आता नंबर सांगा. मी सात म्हणालो. मग चार. मग सात आणि चारच्या मधला. “तुमची पाठ तुम्हालाच ठाऊक नाही,” ती म्हणाली. त्यावर मी म्हणालो, सव्वीस वर्षांत तुला एक जागा सापडू नये? (हे नको होतं बोलायला.) तिनं बॅग भरली.

परवा माझी भाची दुकानात आली. ती डॉक्टरकी शिकते. मी गाऱ्हाणं मांडलं, की घड्याळातला तिळाहून बारीक स्क्रू चाचपून ओळखणाऱ्याला स्वतःची पाठ कळणार नाही होय? तिनं माझेच दोन चिमटे उचलले, टोकं अगदी जवळ धरून माझ्या बोटावर टेकवली. मी लगेच दोन म्हणालो. मग सदरा वर करायला लावला (पाठ चोळणारं कुणी नसल्यानं चौकोन अजून पुसटसे दिसत होते. ती नुसती खाकरली) आणि पाठीवर टोकं टेकवली. मी ठासून सांगितलं, “एक.” “मामा, दोन आहेत. मध्ये चांगलं दीड बोट अंतर आहे.” लबाडी नको म्हणून शेजारच्या चष्मेवाल्याला पंच नेमलं. त्यानं दोन्ही टोकं नीट पाहिली, मग हौसेनं स्वतःचाही सदरा वर केला आणि तोही ‘एक’च म्हणाला.

भाचीचं म्हणणं असं, की प्रत्येक मज्जातंतूच्या वाट्याला कातडीचा एकेक तुकडा येतो. त्यात कुठंही टोचा, मेंदूला खबर तीच. बोटांवर हे तुकडे बारके आणि दाटीवाटीनं असतात, पाठीवर ऐसपैस आणि विरळ. त्यामुळे पाठीवर नेमकं कुठं, हे मालकालाही धड सांगता येत नाही. थोडक्यात, तुमच्या बहिणीचंच बरोबर होतं. (मी भाचीला पुन्हा तपासायला लावलं. फरक पडला नाही.)

आपला,
घड्याळजी

ता. क. : शेवटचा परिच्छेद तिला मोठ्यानं वाचून दाखवा. माझ्या तोंडून ते निघायचं नाही.

आणखी ता. क. : खाज सोमवारीच थांबली. हे कळलं तर ती विचारेल, मग आता बोलावताय कशाला? त्याचं उत्तर पत्रात लिहिता येईना, म्हणून रविवारी सकाळच्या गाडीनं मीच येतो आहे.