अक्काच्या दाढेतली कीड

१५ जाने. १९९१, जळगाव
आठवी ब च्या पोरींनी दिलेला तिळगूळ चावला आणि उजवीकडची खालची दाढ अशी ठणकली की वर्गातच डोळ्यांत पाणी. पोरींना वाटलं, बाई भारावल्या. भारावल्या कसल्या, डोंबल! घरी लवंग, मीठपाणी, सगळं करून झालं. यांचं आपलं एकच, "काढून टाक ना." अक्काचीही, माझ्या थोरल्या बहिणीची, हीच दाढ होती. हीच बाजू.

१७ जाने.
शेवटी यांनीच ओढत नेलं. दातांचा डॉक्टर तरुण आहे, नवाच आलाय. दाढेचा एक्स-रे फोटो काढला. म्हणे, दाढ काढायची गरज नाही, रूट कॅनाल करू. आतली सडलेली नस काढायची, पोकळी साफ करून भरायची, वर टोपी. तीन-चार खेपा. "दुखेल?" "सुई टोचेल तेवढंच. मग बधिर." खरंच तेवढंच, मी उगाच मरत होते. बारीक सुईच्या टोकावर नस दाखवली, केसाएवढा लालसर दोरा. मला मात्र पारोळ्याची पाण्याची वाटी दिसली. अक्काच्या अंगणातली. तिच्यात पांढऱ्या अळ्या.

१८ जाने.
दुखत नाही. अजिबात नाही. हे म्हणाले, "झालं ना बरं? आता परत कशाला जातेस?" खूश व्हायला हवं, पण होत नाही. अक्काचंही असंच थांबलं होतं.

लिहून टाकते, डोक्यातून जात नाही. तीन उन्हाळ्यांपूर्वी, मी पारोळ्याला अक्काकडेच होते. भाऊजींनी बाजारातून कीड काढणारी बाई आणली. तिने रिंगणीचं, त्या काटेरी रानझुडपाचं, बी निखाऱ्यावर टाकलं, नळीने धूर अक्काच्या दाढेत सोडला, खाली वाटी धरली. वाटीत अळ्या पडल्या. भाऊजी गल्लीभर वाटी दाखवत फिरले, "देखा, बठ्ठी कीड निंघी गयी!" थोड्या दिवसांत ठणका थांबला. अक्का फुटाणे खायला लागली. मग जबडा सुजला. मग गळा. धुळ्याला दवाखान्यात नेताना, वाटेतच...

२४ जाने.
दुसरी खेप. आतलं धुतलं, औषध घालून तात्पुरतं भरलं. अळ्यांचं विचारलंच. वाटलं हसेल. हसला नाही. "दाढेत अळी नसते बाई. तापलेलं बी फुटतं, त्याचे कोंभ असतात ते." मग दुखायचं थांबलं कसं? "नस मेली की दुखणं थांबतं. पू थांबत नाही, मुळाखाली साचत राहतो. पहिल्या खेपेनंतर दुखत नाही म्हणून लोक यायचं सोडतात, तिथेच फसतात." शाळेत काय शिकवलं, मलाच ठाऊक नाही.

२ फेब्रु.
तिसरी खेप. मुळं भरली, पुन्हा फोटो. चावताना ठसठसतं. डॉ. म्हणे, थोडे दिवस राहील. सूज किंवा ताप आला तर वाट बघू नका, लगेच या. टोपी बसेपर्यंत त्या बाजूने कडक खायचं नाही, नस गेलेली दाढ वाळल्या काटकीसारखी तुटते. हे भाकरी दुधात कुस्करून देतात. लग्न झाल्यापासून एवढे लाड पहिल्यांदाच!

फळ्याकडे तोंड केलं की मागून अक्का बोलते. "सुमन, माले आते बरं शे." वळले तर पोरी माझ्याकडे बघतात. भीती वाटते. कुणाला सांगू?

१० फेब्रु.
कापसाच्या कामाने भाऊजी आले होते. चहा घेताना सहज म्हणाले, शोभीची दाढ दुखतेय. (अक्काची एकुलती पोर, दहावीला.) "बजारना दिनले ती बाई येस. काढी टाकसूत कीड." म्हटलं, इकडे पाठवा तिला. "कसाले? तुनी अक्कानी बी काढी व्हती ना. नशीबच खोटं तिनं, बाईना काय दोष?"

हा माणूस तीन वर्षं त्या एका गोष्टीवर जगतोय, की मी बायकोसाठी सगळं केलं. खरं सांगितलं तर तो मोडेल. नाही सांगितलं तर शोभी... भाऊजी गेले. मी काही बोलले नाही. हे चिडले, "पोरीपेक्षा भाऊजी मोठे झाले का तुला?" बरोबरच आहे.

१६ फेब्रु.
उद्या भाऊजींच्या गावचा बाजार. शाळेतून परस्पर एस.टी.ने पारोळा. शोभीचा गाल किंचित वर आलेला. भाऊजी अंगणात शेंगा फोडत बसलेले. एका दमात सांगून टाकलं. की कीड नव्हतीच. नस मेली म्हणून थांबलं. पू आत राहिला. आधी भडकले, "शिकेल शे म्हनीसन काय बी बोलशी का?" मग हातातली शेंग न फोडताच खाली ठेवली. मग आत हाक मारली, "शोभे, कपडा भर. मावशीसंगे जाय."

स्टँडवर सोडायला आले. शोभी आत जागा पकडायला गेली तेव्हा हळूच विचारलं, "सुमन, मी तवय डाक्टरकडे नेता, तर वाचती का ती?" कंडक्टर ओरडत होता. मी म्हटलं, माहीत नाही. खोटं बोलले.

१८ फेब्रु.
शोभीची पहिली खेप. डॉ. म्हणाला, वेळेत आणलंत. पोर बधिर ओठाने वाकडी हसत बाहेर आली. भाऊजी सकाळच्या गाडीने येऊन बाकावर बसले होते. मला म्हणाले, "मी जरा भेटी येस." आत गेले. काय विचारायला, ते मला कळलं. अडवू का? अडवलं नाही.

बाहेर आल्यावर चप्पल सापडेना त्यांना. समोरच होती. माझ्याकडे बघितलंच नाही. एवढंच म्हणाले, "शोभीले काही सांगू नको."

२० फेब्रु.
उद्या शोभीची दुसरी खेप. सकाळपासून पाय आपटतेय. "मावशी, कालपासून जरासुद्धा दुखत नाही. मला घरी जाऊ दे. अभ्यास बुडतोय." म्हटलं, गेल्याशिवाय सुटका नाही, पू आत राहतो. माझ्याकडे बघत राहिली. डोळे अगदी आईचे.

"मावशी, माझ्या आईचंही थांबलं होतं ना?"