लॅपटॉप अजून पूजेतच आहे

परदेशीपुरा, इंदूर
दसऱ्यानंतरचा शनिवार

ऋजुता,

नवऱ्याशी पटलं नाही, घटस्फोट घेऊन बापाकडे परत आलीस, ते तुझं तू बघ. पण माझ्या अंकुरलाच का धरलंस? अख्ख्या इंदूरमध्ये लग्नाचे व्हिडिओ जोडणारा दुसरा कुणी मिळाला नाही तुला? वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, तो लिहीत नाही. बरी असशीलच. तुझ्यासारखीला काय होतंय.

फोन केला तर तू रेकॉर्ड करशील, म्हणून पत्र. आमची भांडीवाली भानुमती आणून देईल. तिला वाचता येत नाही. मला चौथीपुरतं येतं, तेवढं तुझ्यासाठी पुष्कळ.

अंकुरचा जुना लॅपटॉप तव्यासारखा तापतो. व्हिडिओ जोडता जोडता बंद पडतो, गेम लावला की पंखा नुसता घोंघावतो. नवीन कुठला घ्यायचा ह्याच्याच तुमच्या गप्पा, कानात हेडफोन, आणि खिदळणं. मी म्हटलं, मीच घेते, आई आहे ना. दुकानातल्या पोराला म्हटलं, भिया, सबसे अच्छा दिखाओ. त्यानं पातळसा, चांदीसारखा काढला. हातात वहीएवढा हलका. शेजारी जाडजूड काळे पण होते, ते मला जुनाट वाटले.

खंडेनवमीला आमच्यात शस्त्रं पुजतात. तुम्ही बदलीवर आलेली माणसं, तुम्हाला काय ठाऊक. होळकरांच्या फौजेतली तलवार आहे घरात. तिच्याजवळ लॅपटॉप ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि म्हटलं, अंकुर, तलवारीवर हात ठेव, ऋजुताचं नाव सोड आणि हा उचल.

त्यानं हात ठेवला नाही. लॅपटॉपचं झाकण उघडून आतलं स्टिकर वाचलं आणि हसला.

"आई, ह्यात वेगळं ग्राफिक कार्डच नाही. ना गेम धड चालेल, ना एडिटिंग."

"मग कुठला आणू ते बोल."

"ऋजुताला विचार."

एवढंच बोलला. त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. मी वाढलेलं ताट उचलून ओट्यावर परत ठेवतो. बाबांशी बोलतो, हसतो पण. मी आले की गप्प. दसऱ्याला तलवार उचलून कपाटात ठेवली. लॅपटॉप तिथंच आहे, वरचा झेंडू वाळला.

फालतू खूश होऊ नकोस. मुलगा माझा आहे, रुसलाय, जाईल कुठे. काल त्याची मोठी बॅग दाराजवळ दिसली. कपडे धुवायला द्यायचे असतील.

दुकानवाला शुक्रवारपर्यंत बदलून देतो म्हणाला, कुंकू पुसून आणा म्हणाला. तर एका कागदावर वर लिही, कुठला लॅपटॉप आणू ते, सगळं नाव नीट. खाली लिही, मला अंकुर नको. दोन्ही तुझ्याच अक्षरात. तुझं अक्षर तो ओळखतो. माझ्या तोंडचं तो आता काही खरं मानत नाही.

नवऱ्याला नको म्हणायला जड गेलं नाही, मग ह्याला म्हणायला का जावं? आणि खालचं लिहायला हात अडलाच, तर वरचं तरी लिही.

गुरुवारी संध्याकाळी भानुमती तुझ्या दारात उभी राहील. तिला रिकाम्या हातानं परत पाठवू नकोस.

अंकुरची आई,
मंगला