बाच्या मृदंगाने घातलेला घोळ

शेणवा, ९ ऑक्टोबर १९९७

मामेभाऊ भगीरथदादास महिपतचा लांबूनच नमस्कार (जवळ असतास तर बखोटच धरलं असतं). दवाखान्यातली कंपाउंडरकी बरी चालली असेल. वहिनींचे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे खुशाल, असं लिहिणार होतो, पण तुझ्यामुळे घोळ झालाय.

श्रावणात तू पेपरातलं कात्रण आणून दिलंस ना, की म्हाताऱ्या माणसाने वाद्य वाजवलं की मेंदूला तरतरी येते, विसरलेलं आठवतं? (तुला वाचायला सांगितलं कोणी?) त्यावरून आम्ही माळ्यावरचा मृदंग काढून बाच्या मांडीवर दिला. दोन वर्षं बाला जेवल्याचं आठवत नव्हतं. मला चंदरकाका समजायचा, आणि काकाला जाऊन पंधरा वर्षं झाली! वाटलं, बिचाऱ्याचा वेळ जाईल. आवाज घुमावा म्हणून मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावायला बायकोने तांदळाचं पीठ मळून दिलं. ते काही चिकटेना. तर बा म्हणतो, ‘गो, याला कणीक लागते. तांदूळ काय लावतेस?’ अरे देवा! ज्याला पोटचा लेक कळत नाही त्याला कणीक आठवली. मी चाटच पडलो.

पंधरा दिवसांत भजनाचे सगळे ठेके परत आले, मग माणसं, आणि सोमवारी (पाया पडतो, कोणाला सांगू नकोस) ओढ्याकाठचं खाचर! आजारी पडण्याआधी बाने ते पाच माणसांसमोर आमच्या ठमीला, धसईला दिलेल्या माझ्या बहिणीला, देऊन टाकलं होतं. पाचांतले तिघे गेले, दोघांना ऐकू येत नाही, बा विसरला, म्हणून मीही विसरलो. भात मीच कापतोय. सोमवारी वाजवता वाजवता बा थांबला आणि म्हणाला, ‘ठमीच्या खाचरात भात कोनी लावलाय?’ बायको चूल फुंकायची थांबली. मी म्हटलं, कसलं खाचर? तर त्याने पाचही जणांची नावं बापाच्या नावासकट सांगितली, तीही ठेक्यावर!

तुझा घाबरलेला,
महिपत

ता.क. खरं काम हे. दुसरं एखादं कात्रण शोध, की सत्तरीनंतर मृदंग वाजवला तर मेंदूला सूज येते. नाही मिळालं तर डॉक्टरांच्या कागदावर तूच लिही.

ता.क. २. पाकीट चिकटवणार तोच बा दारातून ओरडला, ‘महिपत्या, गाढवा, बहिणीचं खातोस? लाज नाय वाटत?’ दादा, दोन वर्षांनी माझ्या नावाने हाक! मी पोरासारखा रडलो रे. कात्रण शोधू नकोस. उद्या पहिल्या एस्टीने मुरबाडवरून ठमीकडे जातोय, खाचर तुझंच म्हणून सांगायला. बा पण मृदंग घेऊन येतोय. म्हणतो, तुझा भरवसा नाय.